वळसा घालण्यास सक्त मनाई

वर्तमानपत्रातल्या पुण्यस्मरणाच्या जाहिरातींत ‘कष्टाळू’, ‘निसर्गप्रेमी’ आणि ‘कुटुंबवत्सल’ हे तीन शब्द बऱ्याचदा एकाच ओळीत बसवलेले असतात. छापायला ते सोपे असतात. पण हे तिन्ही गुण खरोखरच एका माणसात, आणि तेही पूर्ण मापाने उतरले तर घरच्यांची काय अवस्था होते, ते जाहिरातीत येत नाही, कारण जागेचे पैसे सेंटिमीटरवर मोजतात. ते पाहायचं असेल तर अमेरिकेचे सव्विसावे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या घरात डोकवावं. अध्यक्षपद हा त्यांच्या आयुष्यातला साडेसात वर्षांचा जोडधंदा होता. मूळ व्यवसाय दोन: उघड्या हवेत राहणं आणि इतरांना हात धरून उघड्या हवेत काढणं.

सुरुवात तशी विश्वास बसू नये अशी आहे. 27 ऑक्टोबर 1858 रोजी न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला हा मुलगा दम्याने इतका बेजार असे की कित्येक रात्री बसून काढायचा. वडिलांनी बजावलं, डोकं देवाने दिलंय, शरीर तुझं तुलाच कमवावं लागेल. आणि घरातच व्यायामाची साधनं बसवून दिली. मुलगा लगेच कामाला लागला. त्याआधीच एकदा बाजारात त्याला एक मेलेला सील दिसला होता. खटपट करून त्याने त्याची कवटी मिळवली आणि घरात ‘रूझवेल्ट निसर्गेतिहास संग्रहालय’ स्थापन झालं. संग्रहालय वाढलं तसं ते खोलीबाहेर आलं. बर्फाच्या पेटीत मेलेले उंदीर निघाले. आईने ते फेकून दिले तेव्हा चिरंजीवांनी विज्ञानाची हानी झाल्याबद्दल निषेध नोंदवला. कपडे धुण्याच्या जागी कासव बांधलेलं पाहून कामवाल्या बाईंनी तक्रार केली. पुढे मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरण्याचं रीतसर शिक्षणही झालं. बारा-तेराव्या वर्षी त्याला बंदूक मिळाली. मित्र ज्या पक्ष्यांवर नेम धरतात ते आपल्याला दिसतच नाहीत, हे बंदूक हातात आल्यावर ध्यानात आलं, आणि मग चष्मा मिळाला. आधी चष्मा आणि मग बंदूक असा क्रम असता तर बरं, असं शेजाऱ्यांना वाटलं असेल तर त्याची नोंद कुठे नाही.

14 फेब्रुवारी 1884 रोजी, एकाच दिवशी, एकाच घरात, त्यांची आई आणि पहिली पत्नी अॅलिस या दोघी गेल्या. मागे उरली दोन दिवसांची मुलगी. या दिवसावर विनोद करू नये. रूझवेल्ट स्वतःही पुढे त्याविषयी बोलले नाहीत. त्यांच्या आत्मचरित्रात या पत्नीचं नावसुद्धा नाही. मुलीला बहिणीच्या ओटीत घालून ते डाकोटाच्या माळावर गुरं पाळायला निघून गेले.

दुःख विसरायला माणसं तीर्थाला जातात. रूझवेल्ट गेले तिथे शौचाला जायचं तरी घोडा लागत होता. चष्मा लावणाऱ्या या शहरी मालकाला गुराख्यांनी लगेच ‘चारडोळ्या’ करून टाकलं. पळणारी गुरं अडवताना त्यांनी एका गुराख्याला हाक दिली ती इतकी शुद्ध पुस्तकी इंग्रजीत, की आपल्याकडे एखाद्याने ‘अहो, तिकडून त्वरेने अग्रेसर व्हा’ म्हणावं. गुराखी खोगिरावर हसून लोळले आणि ते वाक्य त्या मुलखात म्हणीसारखं चाललं. पण 1886 च्या वसंतात चोरांनी त्यांची होडी पळवली तेव्हा त्याच चारडोळ्याने नवी होडी बांधवून घेतली, बर्फाचे तुकडे वाहत असलेल्या नदीतून पाठलाग केला आणि तीन चोर पकडले. तिथल्या रिवाजाप्रमाणे त्यांना जागेवरच लटकवलं असतं तर कुणी काही बोललं नसतं. रूझवेल्ट त्यांना कैक दिवस सांभाळत कोतवालापर्यंत घेऊन गेले, आणि पहारा देताना टॉलस्टॉयची ‘अॅना कॅरेनिना’ वाचत होते. चोरांना शिक्षा कोणती झाली ते कायद्याने ठरवलं. एवढी जाड कादंबरी वाचणाऱ्याच्या ताब्यात कैक दिवस काढणं ही वेगळी शिक्षा धरली नसावी.

1886-87 च्या भयंकर हिवाळ्यात बहुतेक गुरं गारठून मेली आणि त्यांत गुंतवलेला वडिलोपार्जित पैसाही बुडाला. तोवर रूझवेल्ट दुसऱ्यांदा लग्न करून मोकळे झाले होते. लहानपणची मैत्रीण एडिथ कॅरो हिच्याशी 2 डिसेंबर 1886 रोजी लंडनमध्ये हे लग्न झालं. आता इथून पुढची गोष्ट खरं तर एडिथबाईंची आहे, पण इतिहासात पुढच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचाच फोटो येतो.

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर ऑयस्टर बे इथे सॅगमोर हिल नावाचं त्यांचं घर. पहिल्या पत्नीची मुलगी अॅलिस, आणि मग टेड, कर्मिट, एथेल, आर्ची, क्वेंटिन अशी सहा मुलं, शिवाय आसपास राहणारी चुलत-आते भावंडं. एडिथबाई नवऱ्याचीही गणती मुलांतच करत, असं सांगतात. सुट्टीत हा गृहस्थ पोरांची फौज घेऊन निघायचा. खेळ एकच: समोरचं एक ठिकाण ठरवायचं आणि सरळ रेषेत तिथे जायचं. वाटेत जे आडवं येईल त्याच्या वरून जा, खालून जा, मधून जा, पण बाजूने जायचं नाही. वळसा घालण्यास सक्त मनाई. मध्ये गवताची गंजी आली तर गंजीवर चढायचं, डबकं आलं तर डबक्यात शिरायचं. चिखलाने माखलेली ही दिंडी घरी परतली की पुढचं काम अर्थातच ज्यांनी नियम केला नव्हता त्यांच्याकडे यायचं.

जवळच वाळूचा एक उंच कडा होता. त्यावरून गडगडत समुद्रात जायचं, हा दुसरा कार्यक्रम. पोहायला शिकवण्याची पद्धतही त्याच जातीची. धक्क्यावरून खोल पाण्यात उडी मारायची. थोरली अॅलिस धक्क्यावर रडत उभी आणि खाली पाण्यात मिशा भिजलेले वडील ‘मार उडी, मार उडी’ म्हणून ओरडतायत, हे दृश्य तिने म्हातारपणीही तक्रारीच्या सुरात सांगितलं. उन्हाळ्यात एकदा मुलांना होडीतून किनाऱ्यावर मुक्कामाला नेणं ठरलेलं. स्वयंपाक वडील स्वतः करत. मांस असो की बटाटा, सगळं डुकराच्या चरबीत तळायचं, वर भुतांच्या गोष्टी सांगायच्या आणि ब्लँकेट गुंडाळून वाळूत झोपायचं. हे ते देशाचे अध्यक्ष झाल्यावरही करत. पोरांना ते जेवण जगातलं सर्वोत्तम वाटायचं. घरी रोज चांगलं जेवण शिजत असल्याचा हा पुरावा मानावा.

अध्यक्षपदालाही त्यांना डोंगरावरच गाठावं लागलं. सप्टेंबर 1901 मध्ये अध्यक्ष मॅकिन्ली यांना गोळी लागली, पण तब्येत सुधारते आहे असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा उपाध्यक्ष रूझवेल्ट कुटुंबासह अॅडिराँडॅक पर्वतात भटकायला निघून गेले. 13 तारखेला न्यूयॉर्क राज्यातलं सर्वांत उंच शिखर मार्सी चढून ते खालच्या तळ्याकाठी जेवायला बसले होते. इतक्यात झाडीतून धापा टाकत एक वाटाड्या हातात तार घेऊन आला. मग डोंगर उतरून रात्रभर घोडागाडीतून अंधाऱ्या, चिखलाच्या रस्त्याने रेल्वे स्टेशन गाठलं तेव्हा पहाट झाली होती आणि मॅकिन्ली गेले होते. बेचाळिसाव्या वर्षी ते अमेरिकेचे तोवरचे सर्वांत तरुण अध्यक्ष झाले. देशाचा उपाध्यक्ष फोन-तारेच्या टप्प्याबाहेर जेवतोय, ही गोष्ट आज कुठल्याही सुरक्षा अधिकाऱ्याला सांगून बघावी.

व्हाइट हाउसमध्ये हे कुटुंब राहायला गेलं म्हणजे काय गेलं, तर त्यांच्याबरोबर गिनिपिग, पोपट, बिज्जू, साप आणि एका पायाचा कोंबडाही गेला. अॅलिसने आपल्या हिरव्या सापाचं नाव एका किडकिडीत मावशीवरून आणि पालकाच्या भाजीवरून ठेवलं होतं आणि ती तो पर्समध्ये घालून समारंभांना नेत असे. एका गिनिपिगचं नाव होतं फादर ओ’ग्रेडी. पाहुणे बसलेले असताना मुलं आत धावत येऊन ‘फादर ओ’ग्रेडींना पिल्लं झाली’ अशी वार्ता देत. एकदा आर्ची गोवराने अंथरुणाला खिळला होता. त्याला बरं वाटावं म्हणून धाकट्या क्वेंटिनने नोकराला हाताशी धरून अल्गाँक्विन नावाचं तट्टू व्हाइट हाउसच्या लिफ्टमधून वरच्या मजल्यावर नेलं. लिफ्टमध्ये आरसा होता. तट्टू त्यात स्वतःला न्याहाळत बसल्याने ते बाहेर काढायलाच जास्त वेळ लागला, अशी पुस्तीही या कथेला जोडतात. अॅलिसच्या प्रतापांबद्दल एका मित्राने टोकलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले की मी एक तर देश सांभाळू शकतो किंवा अॅलिसला, दोन्ही जमणार नाही. त्यांनी देश निवडला. अॅलिस छान 96 वर्षं जगली.

वळसा न घालण्याचा नियम आता वकिलातींनाही लागू झाला. वॉशिंग्टनच्या रॉक क्रीक खोऱ्यात अध्यक्ष चालायला निघत आणि मंत्री, सेनाधिकारी, राजदूत यांना ‘फिरायला या’ असं निमंत्रण जाई. फ्रान्सचे राजदूत ज्यूल ज्युसराँ पहिल्या खेपेला पॅरिसच्या बागेत जाण्याच्या पोशाखात हजर झाले. यथावकाश नदी आडवी आली. अध्यक्ष म्हणाले, कपडे भिजायला नकोत, उतरवू या. राजदूतांनी फ्रान्सच्या इज्जतीसाठी सगळे कपडे उतरवले, फक्त हातमोजे ठेवले. विचारल्यावर म्हणाले, वाटेत कुणी महिला भेटल्या तर बरं दिसणार नाही. हे गृहस्थ पुढे त्यांचे पक्के मित्र झाले. राजनैतिक संबंध असे सुधारतात हे परराष्ट्र खात्याच्या अभ्यासक्रमात आहे की नाही, ठाऊक नाही.

लष्करी अधिकारी सुखवस्तू झालेत म्हणून त्यांनी हुकूम काढला, की तीन दिवसांत 90 मैल घोडदौड करून दाखवा. अधिकारी कुरकुरले. तेव्हा 13 जानेवारी 1909 रोजी, वयाच्या पन्नाशीत, अध्यक्ष स्वतः पहाटे निघाले आणि व्हर्जिनियातल्या वॉरेंटनपर्यंत जाऊन रात्री परत आले. येताना बर्फाळ पावसाचं वादळ होतं. सुमारे 98 मैल, एका दिवसात. पुण्याहून मुंबई गाठल्यासारखंच, फक्त शिवनेरी बस नाही. कुरकुर थांबली. अशा वडिलांपुढे ‘आज पाय दुखतात’ म्हणून शाळेला दांडी मारणाऱ्या मुलाचं काय होत असेल, याची कल्पना करावी.

या सगळ्या धावपळीत काम कधी होत होतं, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. उत्तर असं की इथेच होत होतं. मे 1903 मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत ते जॉन म्यूर या वृक्षवेड्या निसर्गलेखकाबरोबर तीन रात्री उघड्यावर राहिले. खाली त्यांच्या सन्मानासाठी मेजवानी मांडून ठेवली होती, तिच्याकडे ते फिरकलेही नाहीत. एका सकाळी पांघरुणावर बर्फ पडलेला होता आणि अध्यक्ष आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस उजाडल्यासारखे खूश होते. या भटकंतीतून जे निघालं त्याची मोजदाद अशी: 5 राष्ट्रीय उद्यानं, 18 राष्ट्रीय स्मारकं, 51 पक्षी अभयारण्यं, 150 राष्ट्रीय वनं, मिळून सुमारे 23 कोटी एकर जमीन. म्हणजे तीन महाराष्ट्र, आणि वर थोडी उरतेच.

यातला सर्वांत रंगतदार प्रसंग 1907 चा. पश्चिमेकडच्या सहा राज्यांत नवीन राखीव वनं करण्याचा अध्यक्षांचा अधिकार काढून घेणारं कलम लाकूडतोडीच्या हितचिंतकांनी शेतीच्या खर्चविधेयकात चिकटवलं. विधेयक नाकारावं तर शेतीखात्याचा पैसा अडकणार. सहीला मुदत होती थोड्या दिवसांची. रूझवेल्ट आणि वनखात्याचे प्रमुख गिफर्ड पिंशो यांनी नकाशे पसरले, कारकुनांना रात्रंदिवस जुंपलं, आणि मुदत संपण्याआधी 1 कोटी 60 लाख एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर करून टाकली. मग अध्यक्षांनी अत्यंत आज्ञाधारकपणे त्या विधेयकावर सही केली. ग्रँड कॅन्यनला राष्ट्रीय उद्यान करायला काँग्रेस, म्हणजे तिथलं कायदेमंडळ, तयार होत नव्हती. 1908 च्या जानेवारीत त्यांनी त्यातला 8 लाख एकरांहून मोठा भाग ‘स्मारक’ म्हणून जाहीर केला. 1906 च्या ज्या कायद्याने हा अधिकार मिळाला, तो करताना कायदेमंडळाच्या नजरेसमोर मुख्यतः जुनी पडकी घरं आणि भांडी होती. काँग्रेसच्या वरून जाता येत नसेल तर खालून जायचं, हा ऑयस्टर बेचाच नियम.

मात्र या निसर्गप्रेमात बंदुकीचा वाटा मोठा होता आणि तो झाकण्यात अर्थ नाही. 1902 मध्ये मिसिसिपीत शिकाऱ्यांनी झाडाला बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला त्यांनी नकार दिला. त्यावर व्यंगचित्र निघालं, ब्रुकलिनच्या एका दुकानदाराने कापडी अस्वल शिवलं आणि आज सोलापूरपासून सावंतवाडीपर्यंत प्रत्येक घरात एक कान फाटलेला टेडी असतो. त्या अस्वलाला नंतर सुऱ्याने मारायला लावलं, हा भाग खेळण्याच्या खोक्यावर छापत नाहीत. शिवाय आपल्याला कुणी टेडी म्हटलेलं रूझवेल्ट यांना आवडत नसे. पद सुटल्यावर कर्मिटला घेऊन ते आफ्रिकेत गेले, वॉशिंग्टनच्या संग्रहालयासाठी. बापलेकांनी मिळून 512 प्राणी मारले. जंगल राखायचं ते कशासाठी, याचं त्या पिढीचं उत्तर आजच्या व्याघ्रगणनेला जाणाऱ्यांच्या पचनी पडणार नाही, आणि पडूही नये. सॅगमोर हिलमध्ये हत्तीच्या पायाची कचराटोपली आणि गेंड्याच्या पायाची दौत आजही आहे. घर झाडताना त्यांच्या वरची धूळ कुणी पुसली असेल, ते सांगायला नको.

खरं तर या घराचे सगळे हिशेब एडिथबाईंकडेच होते. रोज सकाळी त्या नवऱ्याच्या खिशात वीस डॉलर घालत आणि संध्याकाळी त्यांचं काय झालं हे देशाच्या अध्यक्षाला सांगता येत नसे. ऑक्टोबर 1912 मध्ये मिलवॉकीत पुन्हा अध्यक्षपदाच्या प्रचाराला निघाले असताना रूझवेल्ट यांच्या छातीत गोळी लागली. खिशातल्या 50 पानी भाषणाच्या घडीने आणि चष्म्याच्या डबीने जीव वाचवला. गोळी आत असताना त्यांनी सुमारे दीड तास भाषण केलं. श्रोत्यांपैकी अनेकांना गोळीपेक्षा भाषण लांबल्याचं जास्त जाणवलं असेल. पुढे शिकागोच्या इस्पितळात एडिथबाई पोचल्या आणि त्यांनी भेटायला येणाऱ्यांना दारातच थोपवलं. वळसा न घालणारा माणूस या एका अडथळ्यापुढे मुकाट पडून राहिला.

पंचावन्नाव्या वर्षी ‘पोरगं होण्याची ही शेवटची संधी’ म्हणत ते ब्राझीलच्या जंगलात एका नकाशावर नसलेल्या नदीचा शोध घ्यायला निघाले. एडिथबाईंनी कर्मिटला सांगितलं, तू बरोबर जा. त्याचं नुकतंच लग्न ठरलं होतं, तरी तो गेला. आईचं म्हणणं बरोबर ठरलं. 1914 च्या त्या प्रवासात वडिलांच्या पायाला जखम झाली, ताप चढला, वजन पन्नास पौंडांहून अधिक उतरलं. मला इथेच सोडून पुढे जा, असं ते म्हणाले. मुलगा काही बधला नाही. ज्या नदीने त्यांना अर्धमेलं केलं तिला ब्राझील सरकारने त्यांचंच नाव दिलं.

पहिल्या महायुद्धात चारही मुलगे लढायला गेले. वडिलांनीही स्वतःची तुकडी घेऊन जायची परवानगी मागितली होती, ती अध्यक्ष विल्सननी नाकारली. लिफ्टमधून तट्टू नेणारा क्वेंटिन विमानदळात होता. 14 जुलै 1918 रोजी फ्रान्समध्ये त्याचं विमान पाडलं गेलं. तो वीस वर्षांचा होता. त्यानंतर वडील सहा महिनेही जगले नाहीत. 6 जानेवारी 1919 रोजी ते सॅगमोर हिलमध्ये झोपेतच गेले. आर्चीने परदेशातल्या भावांना तार केली, की म्हातारा सिंह गेला. तेव्हाचे उपाध्यक्ष मार्शल म्हणाले, की मृत्यूने त्यांना झोपेत गाठलं, जागे असते तर मारामारी झाली असती. वयाची साठ वर्षं, 35 च्या आसपास पुस्तकं, काही वेळा दिवसाला एक पुस्तक वाचून टाकण्याची सवय, शांततेचं नोबेल आणि निरोगी म्हणावा असा एकही अवयव शिल्लक नाही: कष्टाळूपणाची एवढी बेरीज कुठल्याच पुण्यस्मरणात छापून झालेली नसेल. व्हाइट हाउसमध्ये मुष्टियुद्ध करताना त्यांचा डावा डोळा गेला होता, हेही लोकांना कैक वर्षांनी कळलं.

एडिथबाई 1948 पर्यंत जगल्या. नवरा गेल्यावर त्यांनी स्वतः भरपूर प्रवास केला, दूरदूरच्या देशांत, आणि कुणालाही डबक्यात न ढकलता. 1941 मध्ये माउंट रशमोरच्या डोंगरात चार अध्यक्षांचे चेहरे कोरून पूर्ण झाले. त्यांत रूझवेल्ट आहेत, चष्म्यासकट. पाचवी जागा उरली असती तर ती एडिथबाईंची होती.